माशाच्या तेलाची बाटली

माघ सरत आला होता, आणि डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांवरची कौलं उतरत्या उन्हात तांबूस होऊन विझत चालली होती, त्या वेळी माझी धाकटी बहीण सुशी उंबऱ्याला अडखळून पडली. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. चार वर्षांचं मूल, नुकतंच गोवरातून उठलेलं, पुढं कितीतरी दिवस पोट वाहिल्यानं पायांच्या काड्या झालेल्या. पण उठल्यावर ती रडत रडत आईला शोधू लागली, आणि आई तर तिच्यापासून दोन हातांवर तुळशीपाशी उभी होती. सुशीचे हात हवेत चाचपडत राहिले. "सुशे, मी इथं आहे गं," आई म्हणाली, तेव्हा कुठं ती आवाजाच्या रोखानं वळली.

देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षंच लोटली होती. डोंबिवली म्हणजे भातखाचरं, विहिरी आणि चिंचांच्या सावलीत विखुरलेली थोडी घरं. माझे वडील, अण्णा, कल्याणला एका कचेरीत कारकून होते. परसात विंचू निघाला तरी तो चिमट्यात धरून कुंपणापलीकडे सोडून येणारा हा माणूस; त्यांचं शाकाहारी असणं सोवळ्यातून आलेलं होतं, तसंच एका खोल, जवळजवळ हळव्या भूतदयेतूनही. म्हणूनच त्यांच्यावर रागावणं मला आजवर जमलेलं नाही.

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुशीच्या पापण्या वर करून पाहिलं. बुबुळांवरची ओली चमक गेली होती, धुळीत पडलेल्या काचेसारखी ती कोरडी, राखी दिसत होती. "अ जीवनसत्त्व संपलंय अंगातलं," डॉक्टर म्हणाले. "माशाच्या तेलाची बाटली घ्या आणि आजपासून सुरू करा."

अण्णांचा चेहरा उतरला. "दुसरं काही चालणार नाही का? गोळ्या वगैरे?"

"गोळ्याही त्याच तेलाच्या. पालेभाज्या, पपई, लोणी, सगळ्यात आहे ते; पण निरोगी पोटाला. हिच्या पोटात आत्ता काही टिकत नाहीये. आठवडाभर थांबाल तर डोळे जातील."

परतताना अण्णा डोंबिवलीला न उतरता आम्हां तिघींना घेऊन तसेच पुढं कल्याणला एका वैद्यांकडे गेले. त्यांनी त्रिफळा घृत दिलं, शेवग्याचा पाला सांगितला. माशाच्या तेलाची बाटली की तुपाची, एक निवडायची होती, आणि अण्णांनी तुपाची निवडली. आईनं मान खाली घालून ती पिशवीत ठेवली.

त्यानंतर आमचं घर हिरव्या वासानं भरून गेलं. आई शेवगा, माठ, अळू उकडून, गाळून, तुपात कालवून सुशीला भरवी, आणि तासाभरात ते सगळं जसंच्या तसं बाहेर पडे. तिसऱ्या दिवशी दुपारी, अण्णा कचेरीत असताना, आई मला सुशीजवळ बसवून कुठंशी गेली आणि पदराखाली एक तपकिरी बाटली घेऊन आली. बूच निघताच खाडीवरून येणाऱ्या सुकटीच्या वाऱ्यासारखा एक दर्प खोलीभर पसरला. सुशीनं तोंड वाकडं केलं, पण गिळलं. आईनं बाटली फडताळात डाळीच्या डब्यांमागे ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "विमल, अण्णांना बोलायचं नाही हं."

मी दहा वर्षांची होते. रोज सकाळी अण्णांच्या पूजेला फुलं मीच देत असे. दुसऱ्या दिवशी जास्वंद त्यांच्या हातावर ठेवताना मी सांगून टाकलं. पाप लागेल अशी भीती होती हे खरं. पण महिनाभर आई एकट्या सुशीची होऊन बसली होती, आणि अण्णांनी माझ्याकडे वळून पाहावं असं मला वाटत होतं, हेही तितकंच खरं.

अण्णा ओरडले नाहीत. पूजा पुरी करून उठले, बाटली काढली आणि परसातल्या पपईच्या आळ्यात उपडी केली. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता तिच्या डोळ्यांचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा." अण्णा विहिरीवर हात धुवायला गेले.

पाचव्या दिवशी सुशीचा उजवा डोळा उघडेना. ठाण्याच्या डॉक्टरांनी तो उघडून पाहिला, मग डावा पाहिला, आणि कोणाला बोल न लावता म्हणाले, "उजवा गेला. डावा अजून हाती आहे." अण्णा दवाखान्यातून बाहेर पडले ते थेट समोरच्या औषधांच्या दुकानात शिरले. दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात बसून त्यांनी बूच काढलं, सुशीला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हातानं चमचा तिच्या ओठांशी नेला. त्यांच्या बोटांवर तेल ओघळलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

डावा डोळा वाचला. उजव्यात पांढरं फूल पडून राहिलं. पुढं कितीतरी वर्षं अण्णा रोज सकाळी स्नानाआधी तिला तेल पाजत, आणि मग अंगावर पाणी घेत. देवपूजा मात्र त्यांनी शेजारी राहणाऱ्या माझ्या काकांकडे सोपवली. आईनं त्यांना कधी काही विचारलं नाही. मलाही नाही.

सुशी चौदा वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी ती ओसरीवर मान कलती करून सुईत दोरा ओवत होती. माझं लग्न ठरलं होतं आणि माझ्या पोलक्यांना ती काज करत होती. काय मनात आलं कोण जाणे, मी म्हणाले, "सुशे, तुला त्या बाटलीबद्दल काही सांगायचंय."

"आईनं लपवलेल्या ना? ठाऊक आहे मला," ती वर न पाहता म्हणाली. "अण्णांनी सांगितलंय. डब्यांमागे त्यांनाच सापडली होती. मी रागावले नाही गं ताई त्यांच्यावर. पण नंतर दोन दिवस बोलले नाही."

मी तोंड उघडलं. आत अण्णा खोकत होते. त्यांना आमचं बोलणं ऐकू जात असावं किंवा नसावं. दोरा सुईतून पार झाला. सुशीनं तो दातांनी तोडला आणि पुढचं पोलकं मागितलं, आणि मी ते तिच्या हातात दिलं. बाटली आपल्यालाच सापडली, या एका वाक्यानं अण्णांनी माझं बालपण वाचवलं, की मला जन्मभरासाठी मुकं केलं, हे मला आजही ठरवता येत नाही.