गालातल्या गोळ्या

आंधळगावच्या शिवारात आमचं भाताचं रोवणं चालू होतं. दुपारी आम्ही बाया जेवून उठलो, तोच हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन दवाखान्याची एक पोरगी शेताच्या धुऱ्यावर आली. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. एकेकीला खुणांच्या काठीजवळ उभं करून तिनं उंची मोजली.

“आता संशोधन पुढं गेलं, आजी. तीन औषधं एकत्र देतात. त्यातल्या एकाच्या गोळ्या किती, ते उंचीवर ठरतं.”

आमचे हात चिखलाचे, म्हणून लेकरांना भरवावं तशा तिनं गोळ्या आमच्या तोंडात टाकल्या. माझे पाय धडधाकट, मला औषध कशाला? नंतर थुंकू म्हणून मी गोळ्या गालात दाबल्या.

ती पदर खोचून बांधीच्या पाण्यात उतरली, रोपांची जुडी उचलली. “म्हणा ना आजी, रोवण्याचं गाणं.”

गालात गोळ्या, गाणार कशी? बाया खिदळल्या, “बुढीनं गोळ्या लपवल्या वं!”

ती मात्र हसली नाही. “माह्या मायनंबी असंच केलं होतं. आता तिच्या पायात चप्पल जात नाही. रोवण्याले येता येत नाही, घरीच बसून राहते.”

मी गोळ्या गिळल्या. मग गायले. तिनं माझ्यासोबत एक ओळ रोवली, हात धुतले आणि निघाली.

थोड्या वेळानं पलीकडच्या बांधीतूनही बायांचं रोवण्याचं गाणं ऐकू आलं.