रुपालीचे मार्क आणि पन्नासच्या आधीचा कागद

ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक ते आपल्या झेरॉक्ससारखेच टेबलावर विसरून जातात. इंदूरच्या स्नेहलतागंजात आमचं असं दुकान आहे. मी स्वतः बारावीपर्यंतच शिकले, पण दुसऱ्यांच्या पोरांचे फॉर्म भरून भरून कॉलेजांचे नियम तोंडपाठ झालेत. एरवी मी कुणावर आवाज चढवत नाही. यंदा चढवला. आमच्या गल्लीतल्या रुपालीसाठी.

तिला नर्स व्हायचंय. वडील सिक्युरिटी गार्ड, आई नाही, घरी आजोबा. प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले, म्हणजे सरकारी कॉलेज गेलं. प्रायव्हेट मिळालं असतं, पण ते सरकारी स्कॉलरशिप मिळाली तरच. नाहीतर पोरगी घरी. एवढं सरळ होतं सगळं.

*

रिझल्ट आमच्याच कॉम्प्युटरवर उघडला. झेरॉक्ससाठी थांबलेला एक माणूस न विचारता स्क्रीनमध्ये डोकावला.

"इत्ते में तो बेटा कुछ नहीं होना। बी.ए. कर लो, लड़कियों के लिए ठीक रहता है।"

रुपालीची मान खाली. माझं डोकं फिरलं. विचारलं, "भिया, तुम्हाला किती होते या परीक्षेत?"

"मैंने तो दी ही नहीं!" छाती काढून सांगतो!

*

मग तिच्या कोचिंगच्या सरांना फोन लावला. क्लासची फी घेताना हेच म्हणाले होते, "रुपाली की सीट पक्की समझो।"

आता म्हणे, "लड़की ने मेहनत नहीं की। एक साल और बिठा दो।"

मी म्हटलं, "सर, पास झालेल्या पोरांचे फोटो फ्लेक्सवर लावलेत तुम्ही. त्यांनी मेहनत केली की तुम्ही?"

"वो तो हमारी टीम का रिज़ल्ट है, मैडम!"

*

कॉलेजांची पसंतीची यादी भरायच्या दिवशी तिचे मामा हजर. रुपालीनं रात्रंदिवस चौकशा करून यादी केलेली. कुठे स्वतःचं हॉस्पिटल आहे, कुठे हॉस्टेल आहे, सगळं वहीत लिहून आणलेलं. मामांनी वही उघडलीसुद्धा नाही. एका कॉलेजवर बोट ठेवलं. "हे पहिल्या नंबरवर टाका."

रुपाली हळूच म्हणाली, "मामा, त्यांच्याकडे हॉस्पिटलच नाहीये. मी शिकणार कुठे?"

"तो क्या हुआ! पण गेट एकच आहे. अन् समोर माझं दुकान, येता-जाता नजर राहील!"

मी रुपालीची यादी भरली आणि मामांना चहा पाजला. चहा उगाच पाजला, असं आजही वाटतं.

*

फॉर्मवर संपर्कासाठी माझा नंबर होता. त्या आठवड्यात प्रायव्हेट कॉलेजांचे इतके फोन आले की विचारू नका. आधी फी वाढवून ठेवायची, मग थोडी कमी करायची आणि तिला स्कॉलरशिप म्हणायचं!

एक पोरगी तर भलतीच गोड बोलली. "बधाई हो मैम! आपके मार्क्स देखकर आपको स्कॉलरशिप दी गई है। आज शाम तक सीट बुक कर लीजिए।"

"बेटा, मी बावन्न वर्षांची आहे. परीक्षा दिलेलीच नाही."

"एज की कोई प्रॉब्लम नहीं है, मैम!"

*

शेवटी रुपालीच्या यादीतलं तिसरं कॉलेज लागलं. हॉस्पिटलवालं. आता स्कॉलरशिपच्या फॉर्मला फक्त जातीचा दाखला जोडायचा राहिला होता. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. वडिलांना सुट्टी मिळेना, म्हणून दुकान बंद करून मी, रुपाली आणि आजोबा सरकारी ऑफिसात गेलो.

बाबूनं आडनाव वाचलं. "आप लोग तो महाराष्ट्र के हो। वहीं से बनवाओ।"

आजोबा म्हणाले, "माझा जन्म इथल्याच महूचा आहे, साहेब. तिचा इंदूरचा."

"सन पचास के पहले का कागज़ है? यहाँ रहने का?"

आजोबांनी पिशवीतून काचेची फ्रेमच काढली. भिंतीवरून उतरवून आणलेली. आत त्यांच्या वडिलांचा फौजेच्या वर्दीतला फोटो आणि खाली महूच्या छावणीतून निवृत्त झाल्याचा कागद. त्यावर जात, पत्ता, पन्नासच्या आधीची तारीख, सगळं.

बाबूनं चष्मा वर केला, खाली केला. "इसकी जाँच होगी। पंद्रह दिन बाद आना।"

"तारीख उद्याची आहे हो!" माझा आवाज एवढा चढला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "पंधरा दिवसांनी ही पोरगी काय करेल?"

बाबू दुसऱ्याच फाइलीत तोंड घालून बसला.

आजोबा समोरच्या बाकावर जाऊन बसले. फ्रेम मांडीवर उभी धरली, फोटोचं तोंड बाबूकडे. रुपाली शेजारी बसली. जेवणाची सुट्टी झाली, संपली. रांग गेली, दुसरी आली. आम्ही तिघे तिथेच.

चारच्या सुमाराला बाबू वैतागला. "अरे बाबा, कब तक बैठे रहोगे?"

आजोबांनी फ्रेमवरची धूळ बाहीनं पुसली.

"हम तो आज सुबह आए हैं, साहब। ये पचास के पहले से इधर ही बैठे हैं।"

बाबूनं रुपालीचा अर्ज पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.