रिकामा डबा

राउटरच्या प्रोग्रॅममध्ये मार्गांचा तक्ता एकच असतो. त्यात बदल करणाऱ्या कोडने आधी लॉक घ्यायचं, म्हणजे तक्ता तेवढ्यापुरता आपल्या ताब्यात ठेवायचा, आणि काम झालं की सोडायचं. काल मधेच चूक आली आणि माझ्या कोडने लॉक न सोडताच काढता पाय घेतला. प्रोग्रॅमचे बाकीचे सगळे भाग तक्त्यासाठी मुकाट वाट बघत थांबले. मी स्वतःला चार शिव्या हासडल्या. कारण ही शांतता माझ्या ओळखीची होती.

लातूरला क्लासला होतो तेव्हा आई चाकूरहून एसटीने डबा पाठवायची. डबा एकच. दुसरा भूकंपात भिंतीखाली चेपला होता. संध्याकाळी मी रिकामा परत पाठवला, तरच सकाळी भरून यायचा. एकदा मार्क कमी पडले. आईने डब्यात चिठ्ठी टाकली, "लक्ष कुठं हाय तुझं?" रागाने मी डबा ठेवूनच घेतला. चौथ्या दिवशी कंडक्टरने स्टँडवर गाठलं. "तुझी माय रोज गाडीपाशी येऊन राहिली. डबा दे की."

काल लॉक सोडायची ओळ लिहिली आणि थांबलेले सगळे चालू लागले. तो डबा आता माझ्याकडेच आहे, घासून ठेवलेला. त्याच्यासाठी थांबलेलं कुणी उरलं नाही.