पाच नटांची बाजू

मला स्टॉक कारच्या शर्यतींचं वेड आहे हे अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या टायरच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळे त्यावर हसतात. अमेरिकेतल्या शर्यती त्या. दिसायला रस्त्यावरच्या मोटारींसारख्या गाड्या, लंबगोल ट्रॅकवर शेकडो फेऱ्या. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी रेकॉर्डिंग बघतो. खरं सांगायचं तर टायर बदलणाऱ्यांसाठी बघतो. पळत यायचं, गुडघ्यावर बसायचं, पाच नट काढायचे, पाच लावायचे. नववीत शाळा सुटलेल्याला आपलंच काम एवढ्या थाटात दिसतं, हे काय कमी आहे?

म्हणून तर जीव तुटतो. आता चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो. बहुतेक भाग ठरलेल्या ठिकाणाहून घ्यायचे, मेकॅनिकनं डोकं चालवायचंच नाही. शर्यतीचे तुकडे पाडलेत. कुणी रंगात आला की तुकडा संपतो, पिवळा झेंडा, सगळे परत हळू. मोठ्या ट्रॅकवर तर पुढचा पेट्रोल वाचवत चालतो आणि मागे सगळी वरात.

हे सगळं एका शनिवारी मी एका गिऱ्हाइकाच्या मुलीला ऐकवत होतो. ते साहेब आपलेच, पुण्याचे, शारजात अल नहदाला राहणारे. कामासाठी इकडे आले होते, इथून बायको-मुलीला घेऊन थेट खोर फक्कानला समुद्रावर जायचं होतं. चारही टायर नवे टाकत होतो. मुलगी दहावीतली, माझ्या मोबाइलवरचं गाडीचं चित्र बघून म्हणाली, "अंकल, दे जस्ट टर्न लेफ्ट."

"दादा, उत्तर द्या हिला," साहेब हसले. "घरी माझं कुणी ऐकत नाही."

मी दिलं. चांगलं लांबलचक दिलं. ती म्हणाली, "बट वन नट इज फास्टर, ना?" मग तर मी थांबेचना.

आमच्याकडे एक पद्धत आहे. एकानं हवेच्या गननं नट लावायचे, दुसऱ्यानं टॉर्क पान्यानं एकेक तपासायचा. नट हवा तेवढा घट्ट झाला की पाना 'टक्' वाजतो, मग पुढचा. चार चाकांचे वीस 'टक्' झाले की तपासणाऱ्यानं 'खलास' म्हणायचं, म्हणजे काम पुरं. लावणाऱ्यानं स्वतः कधी म्हणायचं नाही. तपासणारे आमचे फोरमन, पेशावरकडचे चाचा, दुपारच्या नमाजला गेले होते. दहा मिनिटं थांबायचं होतं फक्त. साहेबांना घाई होती, मला बोलायची हौस. पाना मीच फिरवला, खलासही मीच म्हटलं.

गाडी गेल्यावर चाचा आले. "सब टक् हुआ?"

"हुआ चाचा."

म्हणालो खरा, पण शेवटचं चाक आठवेना. पेट्रोल वाचवण्यावरचं माझं वाक्य शब्दन्‌शब्द आठवत होतं, पान्याचा आवाज आठवत नव्हता. पाना खाली ठेवला, उचलला, फाटकापर्यंत जाऊन आलो. गाडी केव्हाच हायवेला लागली असणार, पुढे डोंगरातला रस्ता, आत तिघं. बोललो तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर व्हिसा. आणि शाळेचा दाखला न मागता मला इथे उभं केलं ते याच चाचांनी. त्यांच्याशी खोटं बोलून मी चहा पिणार होतो?

"चाचा, आखिरी पहिया पता नहीं."

त्यांनी बिलांची वही माझ्यापुढे टाकली. मग म्हणाले, "नंबर निकाल. शरम बाद में करना."

साहेबांनी पहिल्यांदा फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा साहेबांच्या बायकोनं उचलला. मी म्हटलं, "वहिनी, गाडी हळू करायला सांगा, जवळच्या पंपावर थांबा. माझी चूक झालीय." गाडी थांबेपर्यंत मी फोन कानावरून काढला नाही.

साहेब उतरले, स्टेपनीजवळचा पाना घेतला. मी शेवटी लावलेलं ते मागचं डावं चाक.

"एक घट्ट. दोन घट्ट. अहो, हा तर फिरतोय."

"बाकीचे?"

"बाकी चार ठीक आहेत."

मी पायरीवर बसलो. चौघांनी पाचव्याला सांभाळून घेतलं होतं. एकच नट असता तर पुढचं मला अजूनही मनात आणवत नाही.

पंपावर टायरवाला होता. त्याच्याकडे टॉर्क पाना आहे का, हे चाचांनी स्वतः विचारून घेतलं. मी मुलीला म्हटलं, "बाळा, फोन चाकाजवळ धर."

"ऑल फोर, अंकल?"

"चारही."

तिनं धरला. मी डोळे मिटून मोजत होतो. मधे एक ट्रक गेला, तेव्हा बारावा ऐकू आला नाही. मी तो परत करायला लावला. टायरवाला काहीतरी पुटपुटला, पण केला. अठरा. एकोणीस. वीस.

आणि मग कुठल्या मुलखाचा कोण जाणे, त्या अनोळखी माणसाचा कंटाळलेला आवाज आला, "खलास."

चाचांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. "अब दूसरी गाड़ी," म्हणाले, आणि टॉर्क पाना उचलून माझ्या मागे येऊन उभे राहिले.