औंदा तरी वजीर मरू द्या

अख्ख्या निजामी मुलखात एका वजिराशी उघड वैर मांडलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे नांदेडच्या सरकारी दवाखान्यातल्या आमच्या सुईणबाई. राहायच्याही गावातल्या वजिराबाद पेठेत, आमच्या भिंतीला भिंत लावून. वजीर मात्र हैदराबादचा नव्हे. जुन्या काळच्या कुठल्याशा इराणी राजाचा, हामान नावाचा. बाई कोकणातल्या यहुदी. गावात त्यांच्या लोकांचं दुसरं घर नव्हतं. शनवारी चूल पेटवत नसत, पण जचकीला शनवारीही धावत. "पोर काय वार बघून येतं?" म्हणायच्या. बाळ रडलं नाही तर बाळावर ओरडत, बाप रडला तर बापावर.

आमच्या होळीच्या सुमारासच त्यांचा पुरीम येई. कोकणात त्यालाही होळीचाच सण म्हणतात, असं त्या सांगत. आधी उपास, मग मराठीत छापलेली एस्तेर राणीची पोथी रात्री एकदा आणि सकाळी पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायची. हामानानं फासे टाकून दिवस काढला, त्या दिवशी राज्यातले झाडून सगळे यहुदी मारायचे. खुद्द राणीच यहुदी, हे ना त्याला ठाऊक ना राजाला! तिच्या चुलतभावानं, मर्दखयनं, तिला गळ घातली. मग ती जिवावर उदार होऊन न बोलावता राजापुढं उभी राहिली, आणि वजीरच फासावर गेला. वाचताना हामानाचं नाव आलं की ऐकणाऱ्यांनी ते गोंगाटात बुडवायचं. त्यासाठी बाई आम्हा शेजारणींना ताटं-पळ्या घेऊन बोलवत, आणि शेवटी पुरणपोळी. "अक्षर न गाळता संपली तरच सण झाला," ही त्यांची अट.

पण दरसाल पोथीतल्या राणीनं राजा-वजिराला मेजवानी मांडली रे मांडली की दाराशी टांगा. कुणीतरी अडलेली. बाई पोथी मिटून निघत. परत येईतो सण उलटलेला, वजीर जिवंत. आई विचारायची, "बाई, औंदा तरी मरंल का वो तुमचा वजीर?"

त्या वर्षी बाईंची लातूरला बदली निघाली होती. "तिथं ताट बडवायला मला कोण भेटणार?" म्हणाल्या. रात्रीचं वाचन एका जचकीत गेलं. उरली धुळवडीची सकाळ.

मी औशाहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पोट नगाऱ्याएवढं, अक्कल टिपरीएवढी. पोथी सुरू झाली आणि मला कळ आली. मी ठरवलं, वजीर मेल्याशिवाय ब्र काढायचा न्हाई. केवढा त्याग! पुरणपोळीही त्यानंतरच मिळणार होती, ते सोडा. कळ आली की मी ताट बडवी.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं ए, हा मर्दखय! हा चांगला आहे. याच्यावर का ताट?"

"चुकून."

दोन ओळींनी मी राणीवरच बडवलं. बाईंनी पोथीत बोट ठेवलं. "कधीपासून येतायत कळा?"

"आधी त्याला फाशी द्या!" मी किंचाळले.

आईनं कपाळावर हात मारला. "बघा! औंदा माझ्याच पोटची आडवी आली."

पोथी मिटली. पण हात धुता धुता बाई पुढचं तोंडपाठ म्हणू लागल्या. बायका ताटं घेऊन दाराबाहेर. "राणी म्हणाली... दम घे... हा दुष्ट हामान!... आता जोर कर... राजा म्हणाला, त्यानं मर्दखयसाठी रोवलेल्या खांबावर त्यालाच टांगा!" बाहेर ताटं अशी कडाडली की माझी लेक बहुधा दचकूनच जगात आली.

बाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. थांबल्या तेव्हा लेक त्यांच्याच हातात होती.

मी विचारलं, "एकही अक्षर गळलं न्हाई?"

"गळली असतील चार. त्यांच्या जागी ही आली," म्हणाल्या, लेक माझ्या कुशीत दिली आणि पदरानं चष्मा पुसत बसल्या.

लेकीला आम्ही राणीच म्हणतो. बाई लातूरला गेल्या, पुढं आपल्या लोकांबरोबर समुद्रापार गेल्या म्हणे. फाल्गुनातल्या पुनवेला मी अजून ताट-पळी घेऊन बसते, आठवेल तशी गोष्ट सांगते. हामानावर बडवते, आणि मर्दखयवरही एकदा, मुद्दाम. मग जरा थांबते. कुणी चष्म्यावरून बघतं का म्हणून.