सुमनबाईनं साळीतलं पाणी सोडलं

सोनपेठकडच्या त्या गावात भाकरी म्हणजे घरचं माणूस आणि भात म्हणजे पाहुणा. सणावाराला यायचा, मान घ्यायचा, जायचा. सुमनबाई मात्र धर्माबादकडच्या साळीच्या, म्हणजे भातशेतीच्या रानातली लेक. लग्नाला तीस वर्षं झाली, ज्वारीची भाकरी ती झोपेतही गोल थापेल. पण जीभ अजून माहेरीच राहिलेली.

कॅनॉलच्या अंगाचं त्यांचं वीस गुंठे रान पाझरून पाझरून चिबड झालं होतं. कापूस लावला की पिवळा पडायचा, तूर उभ्या उभ्या वाळायची. थोरले दीर तात्याराव यांना तिथं मुरूम टाकून गोठा बांधायचा होता. तात्यारावांची बोलायची रीत ठरलेली. आधी 'माझं काई म्हणणं न्हाई', मग घसा खाकरून 'पण', आणि त्या 'पण'नंतर अर्धा तास नुसतं म्हणणंच म्हणणं. त्या दिवशी ते घसा खाकरत होते तेवढ्यात सुमनबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सांगून टाकलं, एक साल मला साळ लावू द्या. न्हाई आली तर मुरूम मी पाटीनं वाहते.

गावाला हसायला निमित्त मिळालं. पारावरची माणसं तिच्या नवऱ्याला विचारायची, "आश्रुबा, औंदा मासे बी सोडायलाय का?"

साळ मात्र आली. भादव्यात पोटरीला आली, पोटात लोंबी धरली, वारं सुटलं की सळसळायची. आणि अशात एका सकाळी सुमनबाईला मधोमध एक पिवळा डाग दिसला, परातीएवढा, कुणी कढत पाणी ओतल्यासारखा. तिनं आत शिरून एक बुंधा फाकवला. पाण्याच्या वर चार बोटं, ताटाला चिकटून, जिऱ्याएवढे तपकिरी किडे. शेकड्यानं. बुंध्याला टिचकी मारली तर पाण्यात पडले आणि तुडतुड उड्या मारत परत जागेवर.

"तुडतुडे व्हय," आश्रुबा म्हणाला, जसे काही साडूच भेटले. कापसातल्या तुडतुड्यांशी त्याचं तीस वर्षांचं वैर. त्यानं पाठीला पंप लावला आणि कापसावर मारतात तसा शेंड्याशेंड्यावरून फवारा मारला. वरची पानं न्हाऊन निघाली. खाली बुंध्याशी तुडतुडे छत्रीखाली बसावेत तसे निवांत बसून रस पीत राहिले. चौथ्या दिवशी परातीचं खळं झालं होतं. पाण्यावर कोळी मात्र पाय आखडून तरंगत होते.

आश्रुबा तडक सोनपेठला गेला. दुकानदारानं पीक कोणतं तेही विचारलं नाही. काका, हे मारा, किडा नाव काढणार न्हाई, असं म्हणून दुप्पट जहाल बाटली हातात ठेवली.

तो येईपर्यंत सुमनबाईनं माहेरी भावाला, दत्ताला, फोन लावला आणि डाग, किडे, फवारा सगळं सांगितलं. दत्ता बोलणार म्हणजे तिळातिळानं. पाणी उभं हाय का, एवढंच त्यानं विचारलं. घोट्याच्या वर हाय की, ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली.

"सोड अक्का. कोरडं पाड, भांग पाड, बुंध्याला ऊन लागू दे. दवा मारून तू कोळीच मारायलीस. ते कोळीच ह्यांला खातेत."

फोन ठेवल्यावर तिला बाप आठवला, बांबूनं साळ दोन्हीकडं सारत चालणारा. तिला लहानपणी वाटायचं, बाबा आपल्याला चालायला वाट करायलेत.

पण पाणी सोडायचं कुणाच्या घरात? आश्रुबानं टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेले. हात धुतलेलं पाणीसुद्धा तो मिरचीच्या रोपावर धरायचा. त्यानं ऐकलं आणि पंपात बाटली ओतायला घेत म्हणाला, "साळीचं पाणी सोडायचं म्हंजे मासा वाळत घालून बरा करायचा."

सुमनबाईला तरी कुठं खात्री होती? दत्ताचं चुकलं तर पोटरीतली साळ वाळणार आणि मुरमाचा ट्रॅक्टर बांधावर उभा राहणार. पण तिनं खोरं उचललं आणि बांध फोडला.

पाणी भसाभसा निघालं. आश्रुबा बघत राहिला. मग पंप तिथंच ठेवून आला आणि तिच्या हातातलं खोरं हिसकावलं. आता बुजवतोय, असं तिला वाटलं. पण गडी पाण्याच्या पुढं धावत सुटला, वाकून वाकून दांड पाडत. पाणी ओढ्याला गेलेलं त्याच्यानं बघवेना. ते त्यानं थोरल्या भावाच्या उसात नेऊन घातलं, तेव्हा कुठं श्वास घेतला.

मग दोघांनी दोन बांबू घेतले आणि दर चार हातांवर साळीचा भांग पाडला. डागाच्या कडेनं सुमनबाईनं काड्या रोवून चिंध्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी पिवळं चिंधीला टेकलं. तिनं त्या दिवशी भाकरी नुसती चिवडली. चौथ्या दिवशी तिथंच. सहाव्या दिवशी चिखलाला केसाएवढ्या भेगा पडल्या, तरी चिंधीच्या अलीकडं सगळं हिरवं. आठव्या दिवशी तिनं बुंधा फाकवला तर तुडतुडे बोटांवर मोजण्याइतके, आणि पोटाशी पांढरी अंड्यांची पिशवी धरून एक कोळीण लगबगीनं चाललेली.

सुमनबाई बांधावर मटकन बसली. काय झालं म्हणून आश्रुबा धावला. तिनं नुसतं बोट दाखवलं. तो उकिडवा बसून बघू लागला.

"तुझ्या माहेरची दिसायलीय," तो म्हणाला. "अक्काला भेटायला आली."

ती हसली आणि मग तिला एकदम कळलं की आपल्याला लय भूक लागलीय. त्याच दिवशी आश्रुबानं बांध बुजवला आणि कॅनॉलचं पाणी बेतानं आत घेतलं.

दिवाळीनंतर नव्या तांदळाचा भात झाला. मधलं खळं तेवढं रिकामं गेलं, बाकी साळ पदरात पडली. पंगतीत तात्याराव बसले. दोन घास खाल्ले, तिसरा खाल्ला.

"माझं काई म्हणणं न्हाई," ते म्हणाले.

आणि घसा खाकरला. वाढता वाढता सुमनबाई थांबली. आश्रुबाचा घास हातातच राहिला. तात्यारावांनी ताट पुढं सरकवलं.

"भात वाढा," ते म्हणाले.