आटवलेलं पाणी

बायको ‘अहो’ म्हणायची आणि उरलेलं जग ‘बॉयलरकाका’. कागदावरचं नाव पेन्शनपुरतंच उरलं होतं. उभा जन्म गिरणीच्या बॉयलरपुढे गेला. वाफेचा आवाज जरा बदलला की काका तोंडातला घास टाकून धावायचे.

ते निवृत्त होईपर्यंत गिरणीभोवती रंगाचे, कातड्याचे, बॅटऱ्यांचे कारखाने उठले. मागचा ओढा सकाळी निळा, संध्याकाळी तांबडा. मग उंच इमारती आल्या आणि पाण्याची मोठी लाइन तिकडे वळली. कामगारांच्या वसाहतीत नळ राहिला तो शोभेला. प्यायला हातपंप.

पंपाचं पाणी पिवळट. काकूंचे पाय सुजले, चेहरा सुजला, अन्न जाईना. मूत्रपिंडं थकलीत, असं दवाखान्यात सांगितलं. काकांनी कंबर कसली. बायकोला साधं पाणी द्यायचंच नाही. पातेलं गॅसवर ठेवायचं आणि निम्मं होईस्तोवर आटवायचं. बरं वाटेना, तेव्हा निम्म्याचंही निम्मं.

“अहो, कडूजहर लागतंय हे.”

“औषध कडूच असतं. पी मुकाट्यानं.”

“संसारात एकदा चहा केला नाहीत, आणि आता पाणी रांधताय!”

काका हसले. त्यांना खरंच वाटत होतं, आपण तिला वाचवतोय.

पुढच्या खेपेला दवाखान्यात नवी डॉक्टरीण होती. पोरसवदा, तुटक बोलणारी. आधीच्यांनी न विचारलेलं तिने पहिल्यांदा विचारलं, “पाणी कुठलं पिता?”

“पंपाचं. पण मी आटवून देतो हो, पाव होईपर्यंत!” काकांची छाती फुगली होती.

तिने पेन खाली ठेवलं. “काका, उकळून जंतू मरतात. कारखान्यांचं विष मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं, विष पातेल्यात राहतं. तुम्ही ते घट्ट करून पाजलंत.”

हे काकांना कुणी शिकवायला हवं होतं? बॉयलर बंद असला की आत उतरून, तळाला साठलेले दगडासारखे थर छिन्नीने त्यांनीच तर फोडले होते. ‘पाणी उडून जातं, घाण मागे राहते,’ हे हाताखालच्यांना शिव्या घालून त्यांनीच शिकवलं होतं. पण माणसं कामावरची अक्कल कामाच्या कपड्यांबरोबर खुंटीला टांगतात आणि रिकाम्या डोक्याने घरी येतात. सगळेच येतात. किंमत मात्र एखाद्याच घरात वसूल होते.

सकाळी काका कॅन घेऊन इमारतींच्या फाटकाशी गेले. रखवालदार गिरणीतला जुना सोबती.

“तुमच्या नळाचं एवढं भरून दे रे. तिच्यापुरतं.”

“कसला नळ, काका? लाइन कधीच कोरडी पडली. टँकर येतो.”

“टँकर कुठून भरतो?”

रखवालदाराने हनुवटीनेच वसाहतीकडे दाखवलं. “तुमच्या मागच्या बोअरवर. साहेबलोक तुमचंच पितात, फक्त लिफ्टने वर गेलेलं.”

“मग विकतचा जार?”

“तोही तिथलाच. वर डोंगराचं चित्र चिकटवलंय, एवढाच फरक.”

काका हसायला गेले आणि त्यांना ठसका लागला. तसेच रिकामा कॅन घेऊन परतले. काकू गोळी तळहातावर घेऊन बसल्या होत्या.

“कुठे होतात? घसा सुकला माझा.”

काकांनी पातेल्याला एक उकळी येऊ दिली, गॅस बंद केला, पाणी निववलं. काकूंनी गोळी टाकून पेला एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

“अजून द्या की. तहान भागत नाही हो.”

“थांब जरा,” काका म्हणाले. पण कशासाठी थांबायचं, ते त्यांना सांगता येईना. काकूंचा हात तसाच पुढे राहिला. शेवटी काकांनी पेला घेतला आणि भरला.